आईच्या खोलीची पश्चिमेची भिंत

परवा घर शाकारून झालं. कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, सडलेल्या रिपा बदलायच्या आणि सगळं पुन्हा चढवायचं, यात चार दिवस गेले. शेवटच्या दिवशी संध्याकाळी आई आपल्या खोलीत गेली आणि पश्चिमेच्या भिंतीला तळहात टेकवून उभी राहिली. पावसाच्या तोंडावर दरवर्षी ती असा हात लावून बघते. "कोरडी हाय," म्हणाली आणि खाटेवरचं अंथरूण झटकायला लागली. या एका भिंतीपायी मी चार वर्षं राबलोय, त्यामुळे मला तेवढं पुरे होतं.

बेळगाव-खानापूर पट्ट्यात मातीच्या आणि जांभ्याच्या भिंतींची घरं अजून गावोगाव उभी आहेत. दर उन्हाळ्यात त्यांतली काही पाडली जातात, कारण उन्हाळ्यात उकडतं, पावसात ओल येते आणि "आता या घरात काही राम नाही" असं कुणीतरी ठरवतं. पाडायचं ठरवलेल्या एखाद्याने त्याआधी हे वाचावं, एवढ्यासाठी लिहितोय.

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोपच्या अलीकडे. भात, रताळी, थोडे काजू. शहरापासून इथवर अंतर फार नाही, पण पावसात फरक मोठा. शहरात छत्रीवर भागतं तेव्हा आमच्याकडे पूर्वी इरल्याशिवाय शेतात उतरता यायचं नाही, आणि आणखी पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे गेलात तर विचारूच नका. घर आजोबांनी बांधलं. सोपा, माजघर आणि आईची खोली दोन फुटी मातीच्या भिंतींची. मागचं स्वयंपाकघर आणि न्हाणी जांभ्याच्या चिऱ्यांची. वर मंगलोरी कौलं. भिंतीत कुठे पोकळी नाही, बाहेरच्या अंगापासून आतल्या अंगापर्यंत एकच भरीव जीव.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात हीट ट्रीटमेंटला आहे, सत्तावीस वर्षं झाली. आमच्या भट्टीत ९०० अंशांवर माल भाजला जातो आणि भट्टीच्या बाहेरच्या पत्र्याजवळ माणूस उभा राहून काम करतो. उष्णता कुठून पळते, कशाने अडते, कुठल्या अस्तरात ओल राहिली तर काय होतं, हे रोजचं काम आहे. नवीन अस्तर लावल्यावर भट्टी आधी कित्येक तास हळूहळू तापवून वाळवावी लागते, हे आमच्याकडे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. तरी स्वतःच्या घराच्या भिंतीकडे त्या नजरेने बघायला मला कितीतरी वर्षं लागली, याचं वाईट वाटतं.

२००९ साली बहिणीच्या लग्नाआधी आम्ही पुढची आणि पश्चिमेची भिंत सिमेंटने गिलावा करून घेतली. मातीचं लिंपण दरवर्षी करावं लागतं, आईचं वय होत चाललंय, एकदाच पक्कं काम करून टाकू, असा हिशेब. ठेकेदाराने बाहेरून जाळी मारून इंचभर सिमेंट चढवलं आणि आतून डिस्टेंपर. लग्नात घर नवंकोरं दिसत होतं. तिसऱ्या पावसाळ्यात खालच्या तीन फुटांत डिस्टेंपरला फोड आले. मग लोणा फुटला, पांढरी पूड हाताला लागायला लागली. आम्ही खरवडून पुन्हा रंगवलं. दोन वर्षांनी पुन्हा तेच. या खेपेला वॉटरप्रूफ रंग लावला.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये आईची खाट त्या खोलीत तीनदा हलवावी लागली. भिंतीपासून हातभर लांब ओढली तरी पांघरूण सर्द व्हायचं. कपाटातल्या लुगड्यांना बुरशी. तिला दमा आहे, आणि रात्री दोन-अडीचला तिचा खोकला सुरू झाला की माजघरात आम्ही दोघं नवरा-बायको उठून बसायचो. बायकोने टेबलाखाली ठेवतात तसला छोटा हीटर आणला. रात्रभर तो लावून ठेवला तरी खोली ऊबदार होईना. हजार वॉटचा हीटर आठ तास चालला की आठ युनिटं. त्या महिन्याचं बिल बघून आई म्हणाली, "ते बंद कर, मी घोंगडं घेते."

त्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला. एक लिटर पाणी वाफ होऊन उडायला ०.६७ युनिटाच्या आसपास उष्णता लागते. तुलनेला सांगायचं तर गिझरमधलं १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला ०.७ युनिट लागतं. म्हणजे ओल्या भिंतीतून खोलीत जे प्रत्येक लिटर पाणी उडतं, ते जवळजवळ एका गिझरभर पाण्याची ऊब खाऊन उडतं. आमचा हीटर आईला नाही, भिंतीला शेकत होता. दुसरं असं की मातीच्या भिंतीत बारीक छिद्रं असतात आणि कोरड्या भिंतीत त्यांत हवा असते. स्थिर हवेपेक्षा पाणी उष्णता चोवीस पटींनी जास्त वाहून नेतं. छिद्रांत हवेच्या जागी पाणी भरलं की तीच दोन फुटी भिंत गोधडीसारखी राहत नाही, थंड लादीसारखी होते.

आता ओल येत कुठून होती? वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात, पण जमिनीतलं पाणी भिंतीत मात्र चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं. पूर्वीही चढत असणार. फरक एवढाच की पूर्वी ते मातीच्या लिंपणातून दोन्ही अंगांनी उडून जायचं. सिमेंटने बाहेरची वाट बंद केली, डिस्टेंपरने आतली. पाणी मग आणखी वर चढत गेलं, आणि सिमेंटला बारीक चीर गेली तिथून पावसाचं पाणी आत शिरून तेही अडकून बसलं. त्यात समोरचा रस्ता. दर वेळी जुन्या रस्त्यावर नवा थर, करता करता रस्ता आमच्या जोत्याच्या बरोबरीला आला. लहानपणी सोप्यात चढायला तीन पायऱ्या होत्या, आता एक उरली आहे.

आणखी एक कारण आईने सांगितलं, ते मला एकट्याला कधीच सुचलं नसतं. "चूल गेली तवापासून घर वाळंना झालंय." पूर्वी पहाटे पाचला चूल पेटायची, न्हाणीत बंब पेटायचा, आणि पावसाळ्यात तर दिवसभर वैलावर काहीतरी असायचंच. आमच्या घरात लाकडाचा तो जाळ रोज आठ-दहा तास भिंती शेकत होता, कौलांच्या फटींतून धूर आणि दमट हवा दोन्ही बाहेर जात होती. गॅस आला, आईचे डोळे वाचले, छाती वाचली, आणि चूल परत आणावी असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. पण भिंती वाळवायचं जे काम चूल फुकटात करत होती, ते आता दुसऱ्या कशाने तरी करायला हवं, हे आम्ही कुणी ध्यानातच घेतलं नाही. गॅसच्या शेगडीतूनही वाफ निघते, भात-आमटीची निघते ती वेगळी. खिडकी बंद असेल तर ती सगळी जाऊन थंड भिंतीवर बसते.

धाकट्या भावाचं म्हणणं सरळ होतं: पाडूया आणि स्लॅब घालूया. त्याने २०१२ मध्ये परड्यात स्वतःच्या दोन खोल्या स्लॅबच्या बांधल्या होत्या, सहा इंची भिंतींच्या. तो काही चुकीच्या हेतूने बोलत नव्हता, आईची काळजी त्यालाही होती. मी त्याला म्हटलं, एक उन्हाळा दे, मी मोजून दाखवतो.

कारखान्यातून साहेबांना विचारून तापमान मोजायची गन आणली, लांबूनच नेम धरला की पृष्ठभागाचं तापमान दाखवते ती. एप्रिल २०२३. बाहेर सावलीत ३६ अंश. दुपारी दोनला आईच्या खोलीच्या कौलांची आतली बाजू ५२, मातीच्या भिंतीची आतली बाजू २७. भावाच्या खोलीत स्लॅबखाली ४०. तो म्हणाला, बघ, तुझ्या कौलांपेक्षा माझा स्लॅब गार. मी म्हटलं, रात्री नऊला बघू. नऊला कौलं २४ वर आली होती, बाहेरच्या हवेबरोबर. स्लॅब ४१. सिमेंटचा तो जाड थर दिवसभर ऊन पितो आणि माणूस पाठ टेकतो त्या वेळी अंगावर सोडतो. त्या रात्री धाकट्याची बायको पोरांना घेऊन आमच्या सोप्यात झोपली.

कौलं दुपारी भाजतात आणि लगेच निवतात. स्लॅब उशिरा तापतो आणि उशिरापर्यंत तापलेला राहतो. दोन फुटी कोरडी मातीची भिंत मात्र एवढी सावकाश तापते की दुपारचं ऊन आतपर्यंत पोचायच्या आधीच रात्र होते. बेळगावात मार्च-एप्रिलला दुपारी ३५-३६ आणि पहाटे २० असा पंधरा अंशांचा उतार असतो. जाड भिंतीला एवढा उतार फार मानवतो, फक्त रात्री खिडक्या सताड उघड्या ठेवून तिला निवू द्यायला हवं आणि सकाळी नऊ-दहाला खिडक्या लावून घ्यायला हव्यात. आमच्याकडे नेमकं उलट चालायचं: दिवसभर वारा यावा म्हणून उघड्या, रात्री मच्छर येतात म्हणून बंद. दोन खिडक्यांना जाळी बसवली आणि हा क्रम उलटा केला. या सगळ्या कामात सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त फरक त्याने पडला.

तर दोष भिंतीत नव्हता. दुपारचा दोष कौलांत होता आणि पावसाळ्यातला पाण्यात.

इथे माझ्या भाच्याचं सांगतो. तो इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो, जुन्या विटांच्या घरात भाड्याने. त्याला मी आमच्या भिंतीचे फोटो पाठवले तर म्हणाला, मामा, इकडे हाच विषय चालू असतो. तिकडे १९२० च्या आधीच्या बहुतेक घरांना अशाच भरीव भिंती आहेत, नऊ इंची विटांच्या, मध्ये पोकळी नसलेल्या. अशा भिंतीच्या एका चौरस मीटरमधून, आतबाहेर एका अंशाचा फरक असला तर साधारण २.१ वॉट उष्णता जाते. आत २०, बाहेर ५, म्हणजे पंधरा अंशांचा फरक; भिंत पन्नास चौरस मीटर धरली तर दीड किलोवॉटचा हीटर अखंड फक्त भिंतीतून बाहेर सांडतोय, आणि हे असं कित्येक महिने. म्हणून ते भिंतीला आतून नाहीतर बाहेरून उष्णता अडवणारा जाड थर लावतात. तो नीट लागला तर गळती सातव्या हिश्शावर येते. तिकडच्या थंडीत ते बरोबरच आहे.

मलाही मोह झाला होता. भट्टीचा माणूस मी, भिंतीला आतून थर्माकोलचे दोन इंची तक्ते लावून वर प्लाय ठोकायचा बेत तयार होता. भाच्यानेच थांबवलं. त्याच्या शेजारच्या घराला सरकारी योजनेतून बाहेरून थर चढवला आणि दोन हिवाळ्यांत आतल्या कोपऱ्यांत काळी बुरशी आली. ते एकच घर नव्हतं. २०२५ च्या ऑक्टोबरात तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला: त्या योजनांत बाहेरून थर चढवलेल्या घरांपैकी तब्बल ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावी लागेल असे दोष. पाणी कुठून येतंय हे न बघता भिंत झाकली की असं होतं. आम्ही सिमेंटने तेच केलं होतं.

आणि आपल्या हवेत त्या तक्त्यांचा उपयोग तरी किती? जानेवारीच्या पहाटे बाहेर १३-१४, आत १८. चार-पाच अंशांचा फरक, तोही काही तासांचा. दोन फुटी कोरडी मातीची भिंत मुळातच इंग्लंडच्या नऊ इंची विटेच्या निम्मी उष्णता जाऊ देते. वर तक्ते आतून लावले तर निवलेल्या जाड भिंतीचा एप्रिलमधला गारवा खोलीला मिळायचाच बंद होतो. बेत सोडून दिला.

काम सुरू झालं ते २०२२ च्या ऑक्टोबरात, दसऱ्यानंतर. पलीकडच्या गावातले एक वयस्क गवंडीमामा आहेत, मातीचं काम करणारे आता तेवढेच उरलेत. त्यांनी सिमेंटला हातोडीने टकटक केलं, पोकळ आवाज ऐकला आणि म्हणाले, "ह्ये समदं काढायला लागंल. आनि काढल्यावर लगी काय बी लावायचं न्हाई. वाळू दे तिला." दोन दिवस छिन्नीने सिमेंट उतरवलं. आतली माती एवढी ओली होती की बोट रुतत होतं, दसरा होऊन गेला तरी. खालच्या भागात दोन ठिकाणी माती गळून गेली होती, तिथे त्याच मातीचे गोळे पिंजर, म्हणजे भाताचं वाळलेलं गवत, घालून ठोकून भरले.

मग चर. भिंतीपासून दीड हात सोडून दोन फूट खोल चर खणला, मागच्या नाल्याकडे उतार दिला, तळात खडी भरली. जोत्याच्या अगदी लगत खणायचं नाही, पायाची माती मोकळी होते. मामांनी जागा आखून दिली. वळचणीला पन्हळ नव्हतीच, पाणी थेट भिंतीच्या पायाशी पडून उडायचं. पत्र्याची पन्हळ लावून ते चरात सोडलं. भिंतीलगतची शहाबादी फरशी, जी मी हौसेने घातली होती, ती उचलून टाकली, कारण तिच्याखालचं पाणी उडायला वाट नव्हती. हे काम मी आणि धाकट्याने दोन रविवार राबून केलं. त्यात काहीही देखणं नाही, पण भिंत वाळायला लागली ती चरामुळे. मार्चमध्ये मी बोटाने दाबून बघितलं, भिंत खणखणीत झाली होती.

२०२३ च्या मेमध्ये शाकारणी होती, तेव्हा छताचं उरकलं. आपला अक्षांश जेमतेम १६. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, स्वतःची सावली पायाखाली जाते. त्या वेळी भिंतींवर ऊन तिरकं घसरतं आणि सगळा मारा छतावर. त्यामुळे आपल्याकडे ज्याच्याजवळ दोन पैसे आहेत त्याने ते आधी छताला लावावेत, भिंतीला नव्हे.

तापलेल्या कौलाची बरीचशी उष्णता खाली येते ती हवेतून नाही, किरणांनी. चुलीसमोर बसलं की मधली हवा गार असली तरी तोंड भाजतं, तसंच. किरणं परतवायला चकचकीत पृष्ठभाग लागतो. शेडना लावतात तो बुडबुड्यांचा अॅल्युमिनियम फॉइलचा रोल आणला. कौलं उतरवलेली होतीच, वाशांवर फॉइल पसरलं, त्यावर वाशांच्याच रेषेत उभ्या पट्ट्या ठोकल्या, त्यावर आडव्या रिपा आणि मग कौलं. उभ्या पट्ट्यांमुळे कौल आणि फॉइल यांच्यात दीड इंचाची जागा राहिली. ही जागा सोडाच. फॉइल कौलाला चिकटलं तर त्याचा चकचकीतपणा काही कामाचा नाही, उष्णता सरळ स्पर्शाने उतरते. शिवाय कौलातून झिरपलेलं पावसाचं पाणी त्याच जागेतून फॉइलवरून घरंगळत वळचणीला जातं. आढ्याशी हवा निघायला फट ठेवली.

त्या फॉइलखाली, आईच्या खोलीत आणि माजघरात, बांबूच्या तट्ट्यांचं छत करून वर ग्लासवूलचा दोन इंची थर दिला. पहिल्यांदा माझ्या मनात भाताचं तूस होतं. पोलाद कारखान्यांत वितळलेल्या धातूच्या तोंडावर उष्णता टिकावी म्हणून तुसाची राख पसरतात, आणि तूस तर आमच्या गिरणीत ढिगाने मिळतं. पण आई म्हणाली, उंदीर होतील. आणि कौलाखाली वीजेच्या जुन्या तारा होत्या, त्यावर तूस घालणं मलाही बरं वाटेना. तारा मात्र या निमित्ताने बदलून पाइपातून नेल्या. ग्लासवूल हाताळताना अंगभर कपडे आणि तोंडाला फडकं बांधा, खाज फार सुटते.

पुढच्या एप्रिलात पुन्हा मोजलं. एक तांत्रिक गोष्ट: तापमानाची गन चकचकीत फॉइलवर धरली तर ती खोटं, कमी तापमान दाखवते, कारण तिला समोरच्या वस्तूंचंच प्रतिबिंब दिसतं. फॉइलवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरायचा. बरेच विक्रेते प्रात्यक्षिक दाखवताना उघड्या फॉइलवर गन धरतात, म्हणून सांगतो. दुपारी दोनला कौल ५१, फॉइलवरची टेप ३७, खालच्या तट्ट्याची आतली बाजू ३१. आई दुपारची माजघरातून उठून आपल्या खोलीत पडायला लागली.

छत झाल्यावर मधल्या पावसाळ्यात, म्हणजे २०२३ ला, भिंत उघडीच ठेवली. बाहेरून बांबू आणि पिंजराचे तट्टे बांधले, आजोबा बांधायचे तसे. रस्त्याने जाणारे विचारायचे, "काय करायलास रे, घर हाय का गोठा?" आणि मी भिंत वाळवतोय म्हटलं की मान हलवून पुढे जायचे. पण भिंतीला तो एक पावसाळा द्यायलाच हवा होता. चर आणि पन्हळ यांनी पाणी खरंच थांबलंय का, हे गिलावा करण्याआधी कळायला हवं होतं. ऑगस्टमध्ये खालची वीतभर ओल दिसली, बाकी भिंत कोरडी.

चुना मात्र त्याच ऑगस्टमध्ये विझवून ठेवला. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो, डोळे सांभाळा, पोरांना जवळ फिरकू देऊ नका. चाळून, वर चार बोटं पाणी ठेवून पिंपात तीन महिने मुरवला. नोव्हेंबरात, ऊन कोवळं झाल्यावर, काम काढलं. आतून शेण, माती, बारीक कापलेलं पिंजर यांचे दोन हात आणि वर चुन्याची सफेदी. बाहेरून एक भाग चुना, तीन भाग वाळू, त्यात थोडी विटांची भुकटी. चुना सिमेंटसारखा एका रात्रीत घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत दगड होतो, त्याला महिने लागतात. सुरुवातीचे आठ-दहा दिवस ओलं गोणपाट लटकवून ठेवलं. मामा सकाळ-संध्याकाळ येऊन नखाने टोकरून बघायचे. कामाचे पैसे मिळाले होते, तरी येत राहिले. मजुरीने मोजता येणार नाही असं काम त्यांनी केलं, आणि त्यांचा हात शिकायला गावात एकही पोरगा नाही, याची मला खरोखर चिंता वाटते.

नंतरचे दोन पावसाळे त्या खोलीत हीटर लागला नाही. खालच्या वीतभर पट्ट्यात जुलै-ऑगस्टला ओल दिसते आणि दिवाळीपर्यंत उडून जाते. पावसाळ्यात उघडीप मिळाली की तासभर समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, स्वयंपाक चालू असताना मागचं दार उघडं ठेवायचं, ओले कपडे आईच्या खोलीत वाळत घालायचे नाहीत, हे नियम बायकोने घातलेत आणि ती कडक आहे. आईचा दमा बरा झालेला नाही, दम्याचं तसं नसतं. पण रात्री दोन-अडीचचा खोकला क्वचित येतो.

विजेचं म्हणाल तर कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. २०२२-२३ च्या तुमच्या महिन्याच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून तेवढी युनिटं फुकट, कमाल मर्यादा २०० युनिटांची. आपल्या वाट्याच्या वर पण दोनशेच्या आत गेलात तर वरच्याचे पैसे, आणि दोनशे ओलांडले तर सगळं बिल भरायचं. पुष्कळांना वाटतं फुकट आहे तर वाचवायचं कशाला. आमचा मूळ वापर कमी, त्यामुळे वाटाही लहान, आणि तो हीटर आजही चालू असता तर त्याच्या पार बाहेर गेला असता. दोन पंखे बदलून कमी विजेचे बसवले: जुना ७५ वॉटचा, नवा ३० चा. रोज बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिटं वाचतात. माजघरात काचेची दोन कौलं बसवली, दिवसाचा दिवा गेला.

धाकट्याच्या स्लॅबचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. २०१८ च्या डिसेंबरात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने नव्या निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता काढली, तिच्यात छताने एका चौरस मीटरमधून एका अंशाला १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता जाऊ देऊ नये अशी मर्यादा आहे. ती मोठ्या, नव्या इमारतींसाठी. गावातल्या घराला कुणी विचारत नाही. पण उघडा सिमेंटचा स्लॅब साडेतीनच्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ तिप्पट. त्याने दोन वर्षांपूर्वी एसी घेतला आणि एप्रिल-मेला दोनशेच्या वर जाऊन सगळं बिल भरलं. यंदा मार्चमध्ये तो माझ्याकडे आला आणि पिंपात चुना उरलाय का म्हणून विचारलं. दोघांनी मिळून स्लॅबवर चुन्याचे तीन हात मारले. रात्री नऊचा आकडा ४१ वरून ३५ वर आला. पावसात चुना धुपणार, दर मार्चला मारावा लागणार, पण त्याने स्वतः मोजलं आणि स्वतः वहीत लिहून ठेवलं. पुढच्या वर्षी वर फुटकी कौलं आणि चुना यांचा थर देऊ म्हणतोय. यंदाच्या शाकारणीतली फुटकी कौलं त्याने परड्यात रचून ठेवली आहेत.

खालच्या आळीत एका घराची पुढची भिंत या सोमवारी सिमेंटने गिलावा व्हायची होती, मृग लागायच्या आत म्हणून घाई. काल संध्याकाळी जाऊन बसलो. त्यांच्या आजी आमच्या भिंतीला हात लावायला स्वतः चालत आल्या, बराच वेळ लावून ठेवला. ठेकेदाराला त्यांनी दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलंय. सोमवारी सुट्टी टाकली आहे, पाऊस यायच्या आत त्यांचा चर खणून व्हायला पाहिजे.